गेंड्याची कातडी, जाडी शून्य

गेंड्याच्या कातडीला जाडी नसते.

मराठी माणसाला हे पटायचं नाही. आपल्याकडे पुढाऱ्यापासून घरमालकापर्यंत कोणाच्याही कातडीचं माप काढायचं तर ते गेंड्यातच काढतात. पण माझा पोटापाण्याचा गेंडा सिएटलचा आहे. ‘राइनो’ हे त्याचं नाव. कॉम्प्युटरवर आकार घडवायचं हे सॉफ्टवेअर आर्किटेक्ट वापरतात, दागिन्यांचे डिझायनर वापरतात, बोटी बांधणारेही वापरतात. त्यात घुमट काढा, परडी काढा, कानातलं काढा. पडद्यावर ते इतकं भरीव दिसतं की टिचकी मारून आवाज ऐकावासा वाटतो. आणि नुसता पृष्ठभाग काढला असेल तर त्याची जाडी असते शून्य. थोडीथोडकी नाही, अगदी शून्य. कांद्याच्या पापुद्र्याला, दहाच्या नोटेला, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या सहनशक्तीलाही काही ना काही जाडी असते. ह्या गेंड्याच्या कातडीला ती आपण आणून द्यावी लागते.

गेंड्याच्या पाठीवर एक नाकतोडा बसलेला असतो. ग्रासहॉपर. डेव्हिड रटन ह्यांनी तो २००७ साली आणला, तेव्हा त्याचं नाव ‘एक्स्प्लिसिट हिस्टरी’ होतं. ते नाव टिकलं असतं तर लोकांनी त्याला नववीचा विषय समजून सोडून दिलं असतं. ह्यात आकार हातानं काढायचा नसतो. पडद्यावर छोटे डबे मांडायचे आणि त्यांना वायरी जोडायच्या. एका डब्यातून आकडा निघतो, दुसऱ्यात त्याचं वर्तुळ होतं, तिसऱ्यात वर्तुळांची रांग होते, आणि शेवटी उजवीकडून कंदील बाहेर पडतो. आकड्याची पट्टी सरकवली की कंदील फुगतो, मागे घेतली की रोडावतो. डबा राखाडी असला तर सगळं ठीक. नारिंगी झाला तर त्याला काहीतरी खटकलंय, आणि लाल झाला तर त्यानं हात टेकलेत. आपली अवस्था नारिंगी आणि लाल ह्यांच्या मधली असते, त्या रंगाची सोय अजून कोणी केलेली नाही.

नाकतोड्याला मदतीला प्लगइनं लागतात, आणि ती करणाऱ्यांनी बारशाला प्राणिसंग्रहालयच बोलावलं होतं. ताण आणि दाब ह्यांचा खेळ करणारा कांगारू आहे, उन्हाचा हिशेब ठेवणारी लेडीबग आहे, पफरफिश नावाचा फुगणारा मासा आहे. आणि जाळ्यांवर काम करणारा वीव्हरबर्ड आहे, जुलिओ पिआचेन्तिनो ह्यांचा. वीव्हरबर्ड म्हणजे विणणारा पक्षी. आपल्याकडे त्याच कुळातली सुगरण. एकूण, गेंड्यावर नाकतोडा, नाकतोड्यावर सुगरण, आणि ह्या सगळ्यांच्या खाली मी.

माझा गाळा साकीनाक्याला आहे. बाहेरच्यांच्या लेखी साकीनाका हे ठिकाण नसून उशिरा येण्याचं कारण आहे. ‘साकीनाक्याला अडकलोय’ म्हटलं की पुढे कोणी चौकशी करत नाही, ‘घरी वारले’ म्हटल्यासारखं गप्प होतात. ८ जून २०१४ ला वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली, सव्वाअकरा किलोमीटरच्या वर थोडी, बारा स्टेशनांची. तेव्हापासून वरून जाणाऱ्यांना खाली अडकलेल्यांकडे गार हवेत उभं राहून बघता येतं. अंधेरी–कुर्ला रस्ता सोडून खैरानी रोडला लागलात की गाळ्यांमागून गाळे. मोल्ड बनवणारे, पत्रा वाकवणारे, पावडर कोटिंगवाले, पुठ्ठ्याचे खोके करणारे. डोक्यावरून उतरणारी विमानं इतकी खाली असतात की चाकं मोजता येतात. ह्या गल्लीत प्रत्येक वस्तूला जाडी आहे. धुळीला आहे, तेलकट भिंतींना आहे, आणि समोरच्या गाडीवरच्या वडापावामुळे ती मलाही आलेली आहे. कुठलंही प्लगइन न घालता, एकदाही नारिंगी न होता.

गाळा दहा बाय पंधराचा. वर पोटमाळा, पोटमाळ्यावर कॉम्प्युटर, खाली तीन थ्रीडी प्रिंटर. उजवीकडे मोल्डवाले काका; चाळीस वर्षं टूलरूममध्ये उभे राहून त्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा सूतभर खाली गेलाय. डावीकडे फॅब्रिकेशनवाला भाई. मधे मी. ‘कॉम्प्युटरवर खेळणी करणारा पोरगा’ अशी माझी गल्लीत ओळख आहे. मी पंचेचाळिसाचा आहे.

तर पवईच्या एक इंटिरियरवाल्या मॅडम आल्या. त्यांना एका हॉटेलासाठी बारा लॅम्पशेड हवे होते, सुगरणीच्या खोप्यासारखे, ‘पण मॉडर्न’. आधी एक नमुना करायचा, तो पसंत पडला तर उरलेले अकरा. खोपा करायचा आणि प्लगइनचं नाव सुगरण, हा मला शुभशकुन वाटला. तेव्हा मी सुगरणीबद्दल वाचायला नको होतं.

खोपा विणतो नर. सुगरण म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते काम मुळात एका बुवाचं आहे. तो पात्याच्या चिंध्या काढून निम्मा खोपा विणतो, उलट्या टोपीसारखा, आणि थांबतो. मग लटकून, पंख फडफडवून ओरडाआरडा करतो. मादी येते, आत शिरते, इकडे ओढून बघते, तिकडे ताणून बघते. पसंत पडला तर तो पुढची लांब नळी विणून काम पुरं करतो. नाही पडला तर खोपा तसाच अर्धवट लटकत राहतो आणि हा दुसरा विणायला घेतो. ॲडव्हान्स न घेता नमुना करून देणारा प्रत्येक माणूस ह्या पक्ष्याच्या गोत्रातला आहे. कष्ट त्याचे, आणि नाव मात्र स्त्रीलिंगी.

मॅडमच्या ऑफिसातून फाइल आली. खोप्याचा वरचा भाग एका शिकाऊ मुलीनं केला होता, खालची नळी दुसऱ्या शिकाऊ मुलानं. दोघांचं आपसात बोलणं नसावं, हे पुढे फाइलमधूनच कळलं. आकार देखणा होता. चौकोनांची जाळी, मधे सुरेख फुगवटा, खाली नळीला एक लाडिक वळण. आणि जाडी अर्थातच शून्य.

फाइल तशीच प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर ते म्हणालं, छापण्यासारखं काही नाही. त्याचं बरोबर होतं. प्रिंटरच्या नोझलमधून ०.४ मिलिमीटरची प्लास्टिकची शेवई निघते. शून्य मिलिमीटरच्या भिंतीत किती शेवया बसतात हा हिशेब त्यानं माझ्याआधी केला.

“जाळीला जाडी द्यायचीय,” मी काकांना म्हणालो.

“जाळीला जाळी?”

“जाडी, काका. ड.”

“मग दे की. एक सूत ठेव.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या थोडं वर. काकांच्या जगात माणसाचा स्वभावही सुतात मोजतात. तेवढ्यात भाई आत डोकावून म्हणाला, “अठरा गेज रखो.” गेजची गंमत अशी की आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. बाविशी पत्रा अठरापेक्षा पातळ. हा हिशेब ज्यानं काढला त्याला वजन कमी करायचं असणार. आणि पिशव्यांच्या गाळ्यातला पोरगा कोणी विचारलं नसताना पन्नास मायक्रॉन म्हणाला. मी दोन मिलिमीटर ठरवले. पाच शेवया.

सुगरणीकडे ह्या कामाची ठरलेली वाट आहे. ‘पिक्चर फ्रेम’ नावाच्या डब्यातून जाळी गेली की प्रत्येक चौकोनाला मधे खिडकी पडते आणि विणल्यासारखं दिसायला लागतं. मग ‘मेश थिकन’, म्हणजे जाडी. मग ‘कॅटमल–क्लार्क’, म्हणजे कडा गोलसर. तीन डबे आणि दोन वायरी. चहा यायच्या आत व्हायला हवं.

चहा आला तेव्हा मी अजून अनब्लॉक करत होतो. डाउनलोड केलेल्या फाइलकडे विंडोज संशयानं बघतं, घरी आणलेल्या मित्राकडे आई बघते तसं. फाइलवर राइट क्लिक करून, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’वर बरोबरची खूण केली नाही तर प्लगइन आहे की नाही तेच नाकतोड्याला दिसत नाही. म्हणून नाकतोडा वापरणारी दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न हाच: अनब्लॉक केलंस का? सर्दीला हळद-दूध घेतलंस का, तसा. बहुतेक वेळा खरोखर तेच कारण असतं, हा त्यातला अपमान.

मग मी जाडीच्या डब्याला २ हा आकडा जोडला, आणि खोपा नाहीसा झाला. त्याच्या जागी चार मीटर रुंदीचा एक सुजलेला, आतून बाहेर आलेला राक्षस उभा. मॅडमच्या ऑफिसची फाइल मीटरमध्ये होती. चाळीस सेंटिमीटरच्या लॅम्पशेडला मी दोन मीटर जाडीची भिंत घातली होती. दौलताबादच्या किल्लेदारालाही एवढी सुरक्षितता लागली नसती. ह्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. एककं तपासायला सगळ्यांना सांगतो तो मीच.

फाइल मिलिमीटरमध्ये आणली. आता डबा राखाडी, म्हणजे तक्रार नाही. तरीही खोपा बघून पोटात कसंतरी झालं. वरचा फुगवटा बाहेरच्या बाजूनं जाड झाला होता, खालची नळी आतल्या बाजूनं. जिथे दोघं भेटत होते तिथे एक पायरी होती आणि पायरीच्या कडेला दोन्ही भाग जेमतेम एका रेषेवर टेकलेले. रेषेलाही जाडी नसतेच. हे छापलं असतं तर प्रिंटरवरून उचलतानाच खोप्याचं मुंडकं हातात आलं असतं.

दोष सुगरणीचा नव्हता. जाळीतल्या प्रत्येक चौकोनाला तोंड असतं, आणि ते तोंड कुठे आहे हे सांगणाऱ्या बाणाला नॉर्मल म्हणतात. तोंड कसं ठरतं, तर चौकोनाचे कोपरे कुठल्या क्रमानं मोजले त्यावरून. घड्याळाच्या उलट मोजले तर चौकोनाचं तोंड तुमच्याकडे. प्रदक्षिणा घातल्यासारखे मोजले तर पाठ. जाडी देणारा डबा प्रत्येक बिंदूला विचारतो, तुझं तोंड कुठे? आणि त्या दिशेला दोन मिलिमीटर सरकवतो. मुलीनं फुगवट्याचे कोपरे उलटे मोजले होते, मुलानं नळीचे प्रदक्षिणेनं. तिच्या चौकोनांची तोंडं बाहेर, त्याची आत. डब्यानं दोघांचंही ऐकलं.

हे कळायला मला एक रात्र लागली. मधे काका वर आले. पोटमाळ्यावर येताना ते नेहमी शिडीला शिव्या देत येतात, त्यामुळे पडदा झाकायला वेळ मिळतो. त्या दिवशी मी इतका दमलो होतो की झाकला नाही.

“ह्यात कोअर कुठला?” काकांनी विचारलं.

“कोअर नाहीये.”

“कॅव्हिटी?”

“तीही नाही.”

“मग आहे काय?”

“पृष्ठभाग आहे, काका.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगा काय करतो म्हणून विचारल्यावर ‘विचार करतो’ असं उत्तर मिळाल्यावर मुलीचा बाप पाहतो, तसं. मग खाली बसले आणि दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरले. मोल्ड म्हणजे दोन भाग. एक कॅव्हिटी, तिच्यामुळे वस्तूला बाहेरचा आकार येतो. एक कोअर, त्यानं आतला. दोन्ही मिटले की मधे फट राहते, वितळलेलं प्लास्टिक तिथे शिरतं. “जाडी आम्ही करत नाही,” काका म्हणाले, “जाडी आम्ही सोडतो.” आणि ती सगळीकडे सारखी सोडावी लागते, एका जागी जास्त सोडली तर तिथलं प्लास्टिक उशिरा गार होतं, आत ओढलं जातं आणि वरून खळगा पडतो. त्याला सिंक मार्क म्हणतात. काकांच्या उमेदवारीत एका बादलीच्या कानाखाली असा खळगा पडला होता. तो खळगा ते अजून विसरलेले नाहीत.

“तुझ्या पोरीला कॅव्हिटी वाटली, पोराला कोअर वाटला,” काका म्हणाले. “दोघांना आधी एका बाजूला आण.”

इथे वाचकाला वाटेल की आता काकांच्या अनुभवानं सगळे प्रश्न सुटले. तसं काही झालं नाही. काकांचा पुढचा सल्ला होता, कॉम्प्युटर बंद करून त्याच्या पाठीवर एक थाप मार. त्याच्या पुढचा, त्यात थोडं वंगण जातं का बघ.

तोंडं एका बाजूला आणायची तर ‘युनिफाय नॉर्मल्स’ असा हुकूम आहे. तो दिला. काहीही झालं नाही. कारण फुगवटा आणि नळी पडद्यावर चिकटलेले दिसत असले तरी जाळीच्या लेखी ते वेगळे होते. एकाच जागी दोन-दोन बिंदू, एकावर एक. शेजारी असूनही ओळख नाही, मुंबईतल्या मजल्यासारखं. ओळख नसेल तर एकमेकांची तोंडं बघून आपलं फिरवणार कसं?

“वेल्ड करावं लागेल,” मी मोठ्यानं म्हणालो.

दोन मिनिटांत शिडी वाजली. भाई हातात होल्डर आणि डोक्यावर काच घेऊन पोटमाळ्यावर हजर. “कहाँ मारना है टाका?” मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यानं काच वर केली, बराच वेळ निरखलं, आणि म्हणाला की हे काम आर्कनं होणार नाही.

जगात वेल्ड हा शब्द दोन प्रकारची माणसं वापरतात आणि ती साकीनाक्याला भिंतीला भिंत लावून बसतात. आमच्या वेल्डमध्ये ठिणगी उडत नाही. एका जागचे दोन बिंदू एक होतात एवढंच. सुगरणीकडे त्यासाठीही डबा आहे, जाळ्या जोडून वेल्ड करणारा. तो लावला आणि नंतर राहिलेली भोकं कुठे आहेत ते बघायला ‘नेकेड एजेस’ दाखवायला सांगितलं. जी कड एकाच चौकोनाची आहे, पलीकडे कोणी नाही, ती नेकेड. खोप्याला दोन तोंडं, वर दिव्याच्या होल्डरचं आणि खाली नळीचं. तेवढ्याच कडा उघड्या असायला हव्या होत्या. निघाल्या त्याहून बहात्तर जास्त.

तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. साकीनाक्याहून मेट्रो पकडली आणि उभ्या-उभ्या एका मित्राला फोन लावला. तो पुण्याला हेच काम करतो. मेट्रोत आवाज बेताचा ठेवावा लागतो, पण त्याला ऐकू येईना.

“नेकेड! नेकेड आहेत बहात्तर!” मी म्हणालो. “सगळ्या मधल्या भागात. हो, मी स्वतः बघितल्या. मोठ्या करून बघितल्या.”

असल्फा यायच्या आत माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या झाल्या. घाटकोपरपर्यंत बसून आलो. त्या मार्गावर संध्याकाळनंतर बसायला मिळालेला मी बहुधा पहिला माणूस.

मित्र म्हणाला, वेल्ड करताना वरचे आणि खालचे बिंदू नेमके एका जागी नसतील, केसभर हुकले असतील. गाळ्यावर परत येऊन बघितलं, तर गोष्ट वेगळीच होती. मुलीनं वर्तुळाचे अठ्ठेचाळीस भाग केले होते, मुलानं चोवीस. तिच्या प्रत्येक दुसऱ्या बिंदूला समोर जोडीदारच नव्हता. हे कळल्यावर माझा राग गेला. दोन माणसांनी एकच घर दोन वेगळ्या मोजपट्ट्यांनी बांधलं तर काय होतं हे लग्न झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही. नळीचे चोवीसचे अठ्ठेचाळीस केले, वेल्ड लागलं, तोंडं एका बाजूला आली. जाडी दिली. खोपा अखंड झाला. रात्रीचे दीड.

मग मी जी चूक केली तिला शहाणपणाची झालर आहे. कडा अजून टोकदार होत्या, म्हणून कॅटमल–क्लार्क लावला. एड कॅटमल आणि जिम क्लार्क ह्यांनी १९७८ साली शोधलेली ही रीत. पुढे कॅटमल पिक्सारमध्ये गेले, क्लार्कनी नेटस्केप काढलं, आणि चौकोनाचा गोलावा आमच्या पदरात टाकून दिला. एका फेरीत प्रत्येक चौकोनाचे चार होतात आणि आकार मऊ होतो. दोन फेऱ्या पुष्कळ. मी पट्टी सरकवताना झोपेत ती सहावर गेली. खिडक्या आणि जाडी धरून माझ्याकडे १,२०० चौकोन होते. सहा फेऱ्या म्हणजे ४,०९६ पट. ४९ लाख १५ हजार २०० चौकोन. पडदा गोठला, पंख्याचा आवाज वर चढत गेला, आणि खालून काकांचा आवाज आला, “रात्रीचं विमान आज फारच खालून चाललंय रे!”

काका रात्री दीडला गाळ्यात काय करत होते हे मी कधी विचारलं नाही. तेही मला विचारत नाहीत.

तिसऱ्या रात्री शेवटचा अडथळा दिसला. नळीच्या त्या लाडिक वळणात आतली भिंत स्वतःच्याच आरपार गेली होती. वळणाचा आतला घेर दोन मिलिमीटरपेक्षा कमी; तिथे प्रत्येक बिंदू आत सरकला तो समोरच्याला ओलांडून पलीकडे गेला. नुसत्या रेषा असताना तिथे मजेत जागा होती. जाडी आली आणि खैरानी रोड झाला. दोन टेम्पो समोरासमोर, मधे एक रिक्षा, रिक्षातला माणूस ‘साकीनाक्याला अडकलोय’ म्हणतोय, आणि कोणालाच मागे जाता येत नाही.

ह्यावर सुगरणीचा इलाज नाही, आणि कोणत्याच विणणाऱ्याचा नसावा. शेवटी डेंड्रोकडे गेलो. प्राणिसंग्रहालयात हे एकटं झाड; ग्रीकमध्ये डेंड्रॉन म्हणजे वृक्ष. ड्रीमवर्क्सच्या सिनेमांत ढग आणि धूर काढायला जे ओपनव्हीडीबी नावाचं तंत्र बनलं, त्याच्यावर हे चालतं. ते जाळीची जाळी म्हणून पर्वाच करत नाही. सगळ्याचे बारीक-बारीक ठोकळे करतं, त्या ठोकळ्यांना हवी तेवढी जाडी देतं आणि वरून पुन्हा नवी जाळी लपेटतं. बटाटा सोलून, कापून, नीट रचून काही जमेना, तर उकडून लगदा करा आणि वडा वळा, हा न्याय. लगद्यात आरपार जायला काही उरत नाही. धारदार कडा जातात, पण वड्याला धार कोण बघतो? मी बिनखिडक्यांचा, बिनकॅटमलचा खोपा दिला आणि खिडक्या ठेवून परत घेतला, म्हणजे नक्की कुठल्या क्रमानं दिला ते आता आठवत नाही. वायरी अशा गुंतल्या होत्या की खरी सुगरण लाजली असती. पण शेवटचा डबा राखाडी होता. नेकेड फक्त दोन तोंडांच्या कडा होत्या, आणि डेंड्रोनं त्याही झाकल्या. पहाटे प्रिंटर सुरू केला. चौदा तास.

त्याच दिवशी संध्याकाळी खोपा हातात आला. पांढरा, हलका, बोटानं दाबला तरी न दबणारा. तीन रात्रींनंतर माझ्याकडे जाडी होती. काकांनी व्हर्नियर लावला. “दोन पॉइंट शून्य पाच. चालेल.” काकांच्या तोंडून ‘चालेल’ हा सर्वोच्च पुरस्कार असतो.

मग होल्डर बसवायला घेतला. हे प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं म्हणून आत एलईडी घालायचा होता. होल्डरची रिंग ४० मिलिमीटरची. भोक मी ४१ चं ठेवलं होतं. बसेना. काकांनी आतून व्हर्नियर लावला. एकोणचाळीस.

डेंड्रो जाडी दोन्ही बाजूंना देतं. एक मिलिमीटर बाहेर, एक आत. आतल्या दोन्ही काठांनी एकेक खाल्ला, गेले दोन. शून्य जाडीच्या गेंड्यात भोक ४१ चंच होतं आणि अजूनही आहे. मला घाम फुटला. पुन्हा फाइल, पुन्हा डबे, पुन्हा चौदा तास. आणि मॅडम खाली गल्लीत गाडी लावायला जागा शोधत होत्या. साकीनाक्याला जागा शोधणं म्हणजे माझ्याकडे वीसेक मिनिटं होती.

काकांनी खोपा माझ्या हातातून घेतला, आपल्या गाळ्यात नेला, आणि खुंटीवरून अर्धगोल कानस काढली. तीन मिनिटं. पांढरी भुकटी त्यांच्या चपलेवर पडत होती आणि मी बघत उभा होतो. रिंग आत गेली, किंचित घट्ट, जशी जायला हवी तशी. काकांनी भुकटी फुंकली.

“तुझ्या त्या पक्ष्यांमध्ये कानस कुठल्या नावानं असते?” त्यांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते.

मॅडम आल्या. त्यांनी खोपा दोन्ही हातांत घेतला, फिरवला, नळीत बोट घालून बघितलं, खिडक्यांमधून दिव्याकडे बघितलं, एक काठ थोडा ताणून बघितला. मी कोपऱ्यात उभा राहून पंख फडफडवायचे तेवढे बाकी ठेवले होते.

“छान झालंय,” त्या म्हणाल्या. “फक्त...”

‘फक्त’ ह्या शब्दानंतर मराठीत कधी चांगलं काही आलेलं नाही.

“...जरा जाड वाटतं ना? कॉम्प्युटरवर किती पातळ दिसत होतं.”

त्या फोटो काढून गेल्या. कळवते म्हणाल्या. नमुना पोटमाळ्याच्या अँगलला टांगलेला आहे. भाईनं त्याला वायर जोडून दिली आणि रात्री त्याच्याच उजेडात काका खाली उभे राहून व्हर्नियरचे आकडे वाचतात. त्याच्या शेजारी आणखी दोन आहेत, एक दीड मिलिमीटरचा, एक पावणेदोनचा. आज सकाळी मी पट्टी १.२ वर आणली. डबा नारिंगी झाला.